डिजिटल पिढी आणि ऑनलाइन उच्च शिक्षण : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये संगणक व इंटरनेटच्या सहवासात वाढलेल्या विद्यार्थ्यांना ‘डिजिटल नेटिव्ह’ ही संज्ञा दिली. अशा विद्यार्थ्यांना ऑनलाइन शिक्षण सहज जमेल, असे गृहीत धरले जाते. शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात हे गृहीतक तपासणे, हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

साधन आणि सवय :
मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाविद्यालये बंद झाली व अध्यापन मोबाईलवर आले. त्या वर्षी पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी साधारणतः २००२ चा जन्मलेला होता. स्वस्त मोबाईल इंटरनेटचा प्रसार २०१६ नंतर झाला. म्हणजे ग्रामीण भागात तो अनेकांच्या हाती चौदाव्या वर्षानंतरच आला, तोही मुख्यतः करमणूक व संवादासाठी. चित्रफीत पाहणे निराळे आणि व्याख्यान ऐकून टिपणे काढणे, शंका विचारणे, संदर्भ शोधणे निराळे. पहिले कौशल्य सवयीने येते, दुसरे शिकवावे लागते.

जागेचा प्रश्न :
पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी तालुक्यांत मोबाईलची रेंज सर्वत्र सारखी मिळत नाही. माण, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत शेतीकाम, जनावरे व एकच सामाईक मोबाईल यांतून तासाची वेळ साधावी लागते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह सुरू केले. गरीब विद्यार्थ्याला केवळ शिक्षक पुरत नाही. अभ्यासाची जागा व सोबतीही लागतात, हे त्यामागील मर्म होते. ऑनलाइन शिक्षणाने व्याख्यान घरापर्यंत पोहोचवले, परंतु जागा व सोबत हिरावून घेतली. उपस्थिती नोंदवून कॅमेरा बंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास त्यामुळे केवळ बेफिकीर ठरविणे योग्य नाही.

निष्कर्ष :
तंत्रज्ञानाची ओळख म्हणजे स्वयंअध्ययनाची क्षमता नव्हे. ‘स्वयम्’सारखे अभ्यासक्रम उपयुक्त ठरण्यासाठी महाविद्यालयांनी प्रथम वर्षातच ऑनलाइन अध्ययनाचे प्रशिक्षण द्यावे, कमी डेटा लागणारे ध्वनिमुद्रित साहित्य पुरवावे आणि ग्रंथालय व संगणक कक्ष सायंकाळीही खुले ठेवावेत. अन्यथा डिजिटल म्हणविली जाणारी ही पिढी पडद्यासमोर असूनही शिक्षणापासून दूरच राहील.