चोर की कारागीर?

यंदा दसऱ्याला वाणगावला अक्काकडे गेलो. पडवीत मिरच्यांची पोती, आत श्रीखंडाचा बेत. पण मायलेकरांत अबोला! कारण एकच शब्द : हॅकर.

गेल्या वर्षी अक्काच्या खात्यातले चाळीस हजार रुपये एका भामट्याने फोनवर गोड बोलून लांबवले. 'हॅकरने डल्ला मारला,' असे गावभर झाले. आणि आता भाचा कॉलेजातून हॅकेथॉनचे प्रशस्तिपत्र जिंकून आला!

"चोराच्या नावाचा कागद माझ्या भिंतीवर नको," अक्काने ठणकावले.

"मामा, तुम्ही तरी सांगा! हॅकर म्हणजे कारागीर."

त्याचे खोटे नव्हते. अमेरिकेतल्या एम. आय. टी. संस्थेत विद्यार्थ्यांचा छोट्या आगगाड्यांचा क्लब होता. रुळांखालच्या तारांची गुंतागुंत कल्पकतेने सोडवणारा तो हॅकर, ही १९५० ते ६० च्या सुमाराची त्यांची बोली. ती मुले संगणकाकडे वळली, शब्दही गेला. पुढे १९८० नंतर संगणकात चोरून शिरणाऱ्यांना वृत्तपत्रांनी तेच नाव चिकटवले. जुन्या मंडळींनी 'त्यांना क्रॅकर म्हणा' असा धोशा लावला. तो दिवाळीच्या फटाक्याइतकाच टिकला!

आपल्या सरकारची तऱ्हा पाहा. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ खाली 'हॅकिंग' हा गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. २००८ च्या दुरुस्तीने त्या कलमातून हा शब्द गेला. २०१७ पासून तर सरकारच स्मार्ट इंडिया हॅकेथॉन भरवून बक्षिसे देऊ लागले!

हे सारे मी अक्काला ऐकवले. भाचाही जोरात आला, "आई, तुला कोणी हॅक केलेच नाही. नंबर तूच सांगितलास."

अक्काचा हात थांबला. "म्हणजे हॅकर नव्हता, तर चूक माझीच, असेच ना?"

आम्ही दोघेही गप्प. तो शब्द म्हणजे त्या माउलीची अब्रू झाकणारा पदर होता, हे आम्हा शहाण्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

संध्याकाळी अक्काने भाच्याच्या लॅपटॉपला हळदकुंकू वाहिले. हत्याराशी तिचे भांडण नव्हतेच. मग स्वतःच म्हणाली, "लाव तुझा कागद."

भाच्याने तो लावला. आणि झेंडूचे तोरण असे बेताने ओढले की, नाव दिसावे, पण तो शब्द झाकावा.