पंचरंगी सामन्यांची समाप्ति

एखादी संस्था वार्धक्यानें क्षीण होऊन मावळली, तर तिच्याबद्दल कोणी वाद घालीत नाहीं. परंतु ऐन भरांतली स्पर्धा बंद झाली, म्हणजे तें योग्य झालें कीं अयोग्य, हा प्रश्न मागें उरतो. मुंबईच्या पंचरंगी क्रिकेट-सामन्यांचें असेंच झालें.

पारशी व युरोपियन यांच्या १८९२ मधील सामन्यांपासून हा क्रम सुरू झाला. १९०७ मध्यें हिंदू, १९१२ मध्यें मुसलमान आणि १९३७ मध्यें ख्रिस्ती आदि इतरांचा 'रेस्ट' संघ त्यांत आला. १९४५-४६ चा हंगाम शेवटचा ठरला.

आमच्या आष्ट्याहून सांगली फार दूर नाहीं. तेथें १९१५ सालीं जन्मलेले विजय हजारे धर्मानें ख्रिस्ती, म्हणून 'रेस्ट'कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यांत संघाच्या दुसऱ्या डावांतील ३८७ धावांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! बंधु विवेक यांनीं अवघ्या २१ धावा केल्या. पण दुसरी बाजू अशी धरून ठेविली कीं, दोघांची भागी ३०० धावांची झाली. तरीहि हिंदू संघ एक डाव व ६१ धावांनीं जिंकला. असा रस ज्या खेळांत, तो थांबवावा कां?

कारण संघांची वांटणीच मुळीं धर्मावर होती. १९४० मध्यें गांधीजींनीं या सामन्यांविषयीं उघड नापसंती दर्शविली. मैदानांत वैर कोठें आहे, असा तेव्हां पुष्कळांचा प्रश्न असे. आमच्या मतें त्याचें उत्तर हिंदू संघाच्या घरांतच होतें. चर्मकार समाजांतील बाळू पालवणकर यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीवर सामने जिंकले जात. पण पुण्यास आरंभीं त्यांस चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यांतून. संघाचें नायकपद त्यांस रीतसर कधींच मिळालें नाहीं. १९२३ मध्यें तें त्यांचे बंधु विठ्ठल यांस मिळालें, आणि त्या वर्षीं हिंदू संघ विजयी झाला. चहा बाहेर देणारे हात आपल्यासारख्याच सुशिक्षित घरांतले होते, हें वाचकांनीं विसरूं नये.

भिंती घालण्याची संवय एकदां जडली, कीं ती परक्यापाशीं थांबत नाहीं. आपल्या माजघरापर्यंत येते. म्हणून सामने गेल्याची हळहळ आम्हांस समजते, पण ते परत यावेत असें वाटत नाहीं. १९५२ मध्यें मद्रास येथें भारतानें पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हां नायक हजारेच होते. त्या वेळीं ते 'रेस्ट' नव्हते.