पोस्टरवरचा 'शोध' 'शोघ' व्हायला नको

कॉन्फरन्सचं पोस्टर करताना ग्राफ आणि आकडे आपण दहा वेळा तपासतो. शीर्षकाचा फॉन्ट मात्र शेवटच्या पाच मिनिटांत ठरतो: जाड दिसला की घेतला! मराठी पोस्टरमध्ये हे महागात पडू शकतं. का, ते 'बालू' या फॉन्टवरून समजून घेऊ.

बालू मुंबईच्या 'एक टाइप'ने केला. त्याची देवनागरी सारंग कुलकर्णी यांची. नऊ भारतीय लिप्यांत तो आहे आणि नावंही गमतीशीर: गुजरातीत 'बालू भाई', बंगालीत 'बालू दा', तमिळमध्ये 'बालू थंबी'. गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो.

बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं, म्हणून पारंपरिक देवनागरीत रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते. बालूत जाडी जवळपास सारखी आणि टोकं गोलसर. त्यामुळे अक्षर मार्करने लिहिल्यासारखं मोकळंढाकळं वाटतं.

आता खरी अडचण बघा. रेघ जाड करायची तर जागा कुठून आणायची? अक्षराच्या पोटातल्या पांढऱ्या भागातून. देवनागरीत ती आधीच कमी. 'ब' आणि 'ष' यांच्या पोटात तिरकी रेघ असते, जोडाक्षरात दोन-तीन अक्षरं दाटीनं बसतात. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक तर बराचसा शिरोरेषेतल्या छोट्या फटीवर अवलंबून. ती फट बुजली की 'शोध'चा 'शोघ' होतो. आमच्या वाघोलीत नगर रस्त्यावरून जाताना दुकानांच्या पाट्यांवरचे 'घ' आणि 'ध' लांबून वाचून बघा, लगेच कळेल.

म्हणजे जाड फॉन्टचं कौशल्य काळ्या रेघेइतकंच उरलेल्या पांढऱ्या जागेत असतं. एक टाइपचाच 'मोदक' बघा: त्यात पोटातली जागा मुद्दाम बारीक चिरेएवढी ठेवलीय. दोन-तीन शब्दांच्या मोठ्या शीर्षकाला तो मस्त; परिच्छेदाला अजिबात नाही.

मग पोस्टरसाठी काय करायचं?

१. जाड गोलसर फॉन्ट फक्त शीर्षकाला वापरा. मजकुराला 'मुक्ता'सारखा साधा फॉन्ट घ्या.

२. 'बालू २'मध्ये ४०० ते ८०० अशा पाच जाड्या आहेत. शीर्षकात जोडाक्षरं जास्त असतील तर ८००ऐवजी ६०० लावून बघा.

३. आधीच जाड असलेल्या फॉन्टवर पुन्हा 'बोल्ड'चं बटण दाबू नका. त्याहून जाड आवृत्ती नसेल तर बरीच सॉफ्टवेअर तीच रेघ नुसती फुगवतात आणि फटी बुजतात.

४. ए-झिरो पोस्टर ए-फोरवर छापा. लांबी एक चतुर्थांश होते, म्हणून अर्ध्या मीटरवरून वाचलं की मूळ पोस्टर दोन मीटरवरून वाचल्यासारखंच. ही चाचणी विषय माहीत नसलेल्या मित्राला करायला सांगा, कारण तुम्हाला शीर्षक पाठ असतं. डोळा चुकला तरी मेंदू बरोबरच वाचतो.

मित्र अडखळला, तर जाडी कमी करा किंवा अक्षर मोठं करा. मगच छपाईला पाठवा.