पवित्र शास्त्राचे अध्ययन

रविवारचे प्रवचन ऐकले आणि घरी बायबलचा एक अध्याय वाचला, म्हणजे अध्ययन झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु वाचन आणि अध्ययन यांतील अंतर मोठे आहे. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात ते स्पष्ट दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. या संस्कृत विदुषीच्या ठायी बुद्धीची उणीव नव्हती. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त मात्र लाभला नाही, हे आठ वर्षांनी उमगल्याचे त्यांनी १९०७ साली आपल्या साक्षीत नमूद केले. पुढे हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, अल्पशिक्षित स्त्रियांनाही स्वतः वाचून कळावे म्हणून, त्यांनी केडगाव येथे संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाले; ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

अध्ययनाची रीत अवघड नाही. रोज लहानसा उतारा घ्यावा. कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी बोलत आहे, हे पाहावे. मग तेच बोलणे स्वतःला लावावे. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला आपला शेजारी कोण, असे विचारतो. येशू दयाळू शोमरोन्याची कथा सांगून, जखमी वाटसरूचा शेजारी कोण ठरला, असे त्यालाच विचारतो. प्रश्न दुसऱ्याच्या पात्रतेचा उरत नाही. विचारणाऱ्याच्या आचरणाचा होतो. वाचकही त्या प्रश्नापुढे उभा राहिला, तरच अध्ययन जीवनात उतरते.