आडरस्त्याची तब्येत व्यापाऱ्यांनीही तपासावी

आमचा धंदा कापडाचा. भिवंडी-मालेगावचा माल मोठ्या रस्त्याने तालुक्यापर्यंत सुखरूप पोचतो. खरी कसोटी लागते ती आठवडी बाजाराच्या गावाकडे जाणाऱ्या शेवटच्या सात-आठ किलोमीटरवर. दिवसाला चार टेम्पो, एखादी एस.टी. आणि ट्रॅक्टर, एवढीच तिथली वर्दळ. म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. पण रस्ता बिघडला की भाडे वाढते, गाडीचा पाटा तुटतो, गठ्ठा भिजतो आणि अखेर बाजारच सुटतो. लुंगी-टॉवेल विकणाऱ्या गरीब फेरीवाल्याची त्या आठवड्याची कमाईच जाते.

आमचा तजुर्बा असा, की असे रस्ते गाड्यांच्या वजनापेक्षा पाण्याने जास्त मरतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचे डांबर तडकते. तडीतून पाणी खाली उतरले की खडी सुटते आणि खड्डा पडतो.

म्हणून तपासणी वर्षातून तीनदा व्हावी : मे महिन्यात, भर पावसात आणि दिवाळीच्या सुमारास. पाणी कुठे साचते हे पाऊस चालू असतानाच कळते. चार गोष्टी पाहाव्यात. रस्ता मध्ये उंच व कडेला उतरता आहे काय? साईडपट्टी गवत-मातीने रस्त्यापेक्षा वर आली आहे काय? बाजूचे चर व मोऱ्या मोकळ्या आहेत काय? डांबराच्या कडा तुटू लागल्या आहेत काय? यातली बरीचशी कामे फावडे, कुदळ आणि चार पाट्या मुरूम यांत भागतात. तीच टाळली तर पुढे अख्खा रस्ता नव्याने करावा लागतो.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत रस्त्याला एक ते पाच गुण देण्याची सोपी रीत आहे. गाडी सहज ताशी ४० कि.मी.च्या वर चालली तर पाच गुण, दहाच्याही खाली आली तर एक. हा हिशोब आमचा कोणताही टेम्पोवाला ठेवू शकतो.

आता दाद कुठे मागायची? महाराष्ट्रात इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. २००० साली सुरू झालेल्या ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर काम पुरे झाल्यापासून पाच वर्षे देखभाल ठेकेदाराच्याच माथी असते. रस्त्याकडेचा फलक वाचावा, तारीख टिपावी. अर्ज तोंडी न करता लेखी द्यावा, पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

बाजारात बसणाऱ्या सर्व जातिधर्मांच्या दुकानदारांनी मिळून एकच अर्ज करावा. रस्ता सर्वांचा आहे आणि नुकसानही सर्वांचेच होते.