मासवणची पिकअप आणि एक स्क्रू-ड्रायव्हर



उसाचे बिल हाती आले की आपल्या भागात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते, एक बोअरची आणि दुसरी गाडीची. बेणे, खत, आंतरपिकातला भाजीपाला, कधी गोठ्याची पेंड, सगळ्यालाच भाड्याची गाडी बोलवायची म्हणजे वर्षाकाठी बरीच रक्कम जाते. म्हणून जुनी पिकअप घ्यावी असा विचार पुष्कळ सभासद करतात आणि तो गैर नाही. मात्र गेल्या हंगामानंतर आम्ही एका सभासदाबरोबर अशी एक गाडी पाहायला गेलो होतो, त्याची हकीकत सर्वांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने येथे देत आहोत.

गाडी होती पालघर जिल्ह्यात, मासवणला. आपल्याकडच्यापेक्षा साठ-सत्तर हजारांनी स्वस्त. मोबाईलवर फोटो आले होते, पांढरीशुभ्र, टायर नवे. सभासद म्हणाले, "एकदा बघून तरी येऊ." कारखान्याच्या गॅरेजमधले मिस्त्री आणि आम्ही असे तिघे पहाटे निघालो. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करीत मनोरला महामार्ग ओलांडला, की पालघरच्या रस्त्यावर सूर्या नदीकाठी मासवण लागते. वसई-विरारच्या नळाला जाणारे पाणी येथूनच उपसले जाते. प्रदेश हिरवागार, माणसे बोलकी, चहाही बरा.

त्या भागात गाड्या स्वस्त का मिळतात, हे मिस्त्रींनी वाटेतच सांगितले होते. बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत जवळ, तिथे रसायनांचे आणि रंगांचे कारखाने. पलीकडे सातपाटी, डहाणूची मासळी. पिकअपला काम भरपूर, पण काम कोणते यावर सगळे आले. मासळीच्या गाडीत बर्फ वितळतो, ते खारे पाणी हौद्याच्या फटींतून चेसीवर ठिबकते आणि चेसीच्या पोकळीत साचते. गंज आतून धरतो, बाहेरून रंग तसाच चकचकीत. रसायनाचे पिंप गळले तर हौद्याचा पत्रा तर खातेच, खालचे क्रॉसही खाते. उलट घोलवडचे चिकू किंवा गवताच्या गाठी वाहिलेली त्याच भागातली गाडी उत्तम निघू शकते. म्हणून मॉडेल आणि किलोमीटर विचारण्याआधी "हिने काय वाहिलं?" हे विचारावे. आमच्या मते हा पहिला प्रश्न आहे.

आम्ही पोचलो तेव्हा मालक म्हणाले, "दादा, मारा सेल्फ, एका झटक्यात चालू होते बघा." मिस्त्रींनी सेल्फ मारला नाही. बॉनेटवर हात ठेवला. गरम होते.

"आम्ही जरा चहा घेतो. गाडी गार होऊ द्या."

दीड तास आम्ही टपरीवर बसलो. सभासद अस्वस्थ. पण गरम इंजिन कोणतेही लबाड असू शकते. थंड इंजिन चालू करताना किती वेळ सेल्फ घेते, धूर कोणत्या रंगाचा येतो, यातच त्याची प्रकृती कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर आला तर चालेल, पण थांबलाच नाही तर नोझल, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केटची शंका घ्यावी. काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याचा. मग चालू इंजिनवर ऑइलचे झाकण सैल करून पाहायचे. तिथून वाफ धापा टाकल्यासारखी येऊ लागली की गॅरेजवाले ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते आहे, आणि इंजिनचे काम जवळ आले आहे असे समजावे.

ही गाडी या सगळ्यांत पास झाली. आम्हालाही आश्चर्य वाटले. हौद्यात विटा टाकून वाघोबा खिंडीचा चढ मारला. रिकामी पिकअप चालवून काही कळत नाही, ती वजन घेऊन चढावर पाहावी. क्लच घसरला नाही, गिअर सुटला नाही, पाणी तापले नाही. सभासदांनी खिशातल्या टोकनच्या रकमेला हातही लावला होता.

एक गोष्ट मात्र आमच्या नाकाला खटकत होती. केबिनमध्ये सुवासाच्या दोन बाटल्या टांगलेल्या, तरीही मागच्या बाजूने एक वास. मालक म्हणाले, "भाजीची गाडी आहे ओ."

मिस्त्री गोणपाट टाकून गाडीखाली गेले. चेसीला ताजा काळा रंग. सात वर्षांच्या गाडीला खालून कालचा रंग का, असे त्यांनी मोठ्याने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता हातोडीने ठोकत गेले. पुढून आवाज ठण्ण. मागे कमानपाटे जिथे अडकवतात त्या ब्रॅकेटपाशी आवाज बद्द. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दाबला तर रंगासकट दोन बोटे आत गेला. शेजारी पट्टी मारून वेल्डिंग केलेले. हौद्यातले रबर उचलल्यावर उरलेली कथा समजली.

सभासदांना ते पटेना. "इंजिन तर चांगलं आहे ना मिस्त्री? चेसीला आपण वेल्डिंग मारू."

"अण्णा, वेल्डिंग धरायला खाली लोखंड लागतं."

मालकाने तिथल्या तिथे पन्नास हजार उतरवले. मोह आम्हालाही झाला, हे कबूल करतो. पण भरल्या गाडीचा पाटा घाटात सुटला तर काय होते, हे मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितले आणि आम्ही निघालो. मनोरपासून जव्हारपर्यंत सभासद एक शब्द बोलले नाहीत. दिवस गेला, डिझेल गेले.

त्यात आमचीही चूक होती. जाण्याआधी गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकला असता तर मालकी किती हातांत फिरली, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत, बोजा आहे की नाही, एवढे घरबसल्या कळले असते. ही गाडी तिसऱ्या हाताची निघाली, आणि फोनवर 'फर्स्ट ओनर' सांगितले होते. तिथेच प्रवास वाचला असता. थकलेली ई-चलनेही पाहून घ्यावीत.

विकणाऱ्याला सगळे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, या अडचणीवर जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये निबंध लिहिला होता, आणि उदाहरण घेतले होते जुन्या मोटारींचेच. चांगल्या-वाईटाची पारख होत नाही म्हणून सगळ्यांना मधलाच भाव मिळतो, मग चांगल्या गाडीचा मालक बाजारात येतच नाही. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. आपल्या मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणून तर ओळखीतली घ्यायची."

आणि झालेही तसेच. पंधरा दिवसांनी याच सभासदांनी आपल्याच गटातल्या एका दूध वाहणाऱ्याची गाडी घेतली. मीटर जास्त, भाव जास्त. क्लच प्लेट संपत आलेली, ब्रेकही. दर वाडीवर थांबणाऱ्या गाडीचे ते होणारच. पण मालकाने स्वतःहून सांगितले, सर्व्हिसची बिले तारखेवार दाखवली, आणि त्या बिलांवरचे किलोमीटर मीटरशी जुळले. मीटर मागे फिरवता येते, बिलांची चळत फिरवणे अवघड. क्लचचा खर्च भावातून वजा झाला.

गाडी २०२० च्या एप्रिलनंतरची, म्हणजे बीएस-६ असेल तर मिस्त्रीच्या कानावर विसंबू नये. सेन्सरचे दोष स्कॅनर लावूनच पाहावेत.

कागदाचे थोडक्यात सांगतो. चेसी नंबर आरसीवरचा आणि लोखंडावरचा एकच आहे ना, हे स्वतः वाचावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा उतरवायला फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर ना-हरकतीसाठी फॉर्म २८. विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्यावा. मालवाहू गाडीचे फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचे आणि पुढे दरवर्षी असते, तेव्हा जुन्या गाडीचा भाव ठरवताना पासिंगचा खर्च धरावा. भारासह एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नसेल तर परमिट लागत नाही.

गाळप बंद असताना गॅरेजचे मिस्त्री सभासदांबरोबर गाडी पाहायला यायला तयार आहेत. जाण्या-येण्याचा खर्च सभासदाने करावयाचा आहे. आदल्या दिवशी गट ऑफिसात नाव नोंदवावे, आणि गाडीमालकाला आपण किती वाजता पोचणार हे सांगू नये, असा मिस्त्रींचा निरोप आहे.