मोरीपलीकडचं पाणी

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करायचे प्रयोग मांडले, तेव्हा खेड्यात नळ नव्हते. पाणी डोक्यावरून यायचं, जपून वापरलं जायचं. मोरीतून निघालेलं परसातल्या अळूला आणि केळीलाच संपायचं. प्रश्न होता तो मैल्याचा आणि तो दुसऱ्याच्या डोक्यावर लादणाऱ्या समाजाचा. अप्पांनी तो स्वतःच्या हातांनी सोडवायला घेतला.

त्यांचा वारसा देहूत पुढे चालला. 1960 च्या सुमारास डॉ. सुहास मापुसकर तिथल्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. गोळ्या देऊन जंत आणि हगवण गावातून जाणार नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि पुढची कित्येक वर्षं संडासासाठी लोकांची मनं वळवली. त्यांनी संडास बायोगॅसच्या टाकीला जोडले. बंद टाकीत मैला हवेविना कुजतो, गॅसवर स्वयंपाक होतो, उरलेली मळी शेतात जाते. तिथे त्यांनी उभारलेल्या तंत्रनिकेतनाला अप्पांचंच नाव दिलं. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माझ्या लेखी या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच, कारण डॉक्टर देहूत राहिले. टाकी तुंबली तर बघणारा माणूस गावातच होता.

2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गल्ल्या झाडल्या गेल्या, गटारं बांधली गेली. त्या उत्साहाबद्दल मनात आदरच आहे. पण बांधीव गटार पाणी शुद्ध करत नाही, पुढे ढकलतं. वेशीबाहेर डबकं साचलं किंवा ओढा काळा पडला. 2014 नंतर संडास वाढले, आणि कितीतरी घरांनी सेप्टिक टँकचं तोंड त्याच गटारात सोडलं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने उलटी वाट धरली. गटारं बंद केली आणि घरोघरी शोषखड्डे घेतले. चार फुटांचा खड्डा, मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. साबणाची साय, केस, खरकटं टाकीत अडकतं आणि पाणी दगडांतून जमिनीत मुरतं. साचलेलं पाणी गेलं, तसे डासही गेले. पुढे जिल्ह्यातल्या इतर गावांनी हे खड्डे रोजगार हमीतून घेतले.

पण हा उपाय सगळीकडे चालत नाही. काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही आणि विहिरीलगत ते मुरवणं धोक्याचं. अशा ठिकाणी नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेची फायटोरिड पद्धत उपयोगी पडते. खडीच्या वाफ्यात कर्दळ, पाणकणीस लावायचं. मुळांभोवतीचे जिवाणू घाण खातात. पाण्याला उतार मिळाला तर वीजही लागत नाही. मात्र गाळ काढावा लागतो, झाडं छाटावी लागतात. त्याकडे दुर्लक्ष झालं की वर्ष-दोन वर्षांत वाफा तुंबतो.

2019 च्या जलजीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलं. दोन हजार वस्तीच्या गावाला एक लाख दहा हजार लिटर. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे रोज 88 हजार लिटर. अळूच्या वाफ्याचं हे काम उरलेलं नाही.

तुमच्या गावात शोषखड्डे असतील, तर पुढच्या ग्रामसभेत दोन गोष्टी विचारा: टाक्या शेवटच्या कधी उपसल्या आणि ते काम कुणाच्या नावावर लिहिलं आहे?